रविवारची पायतपासणी

पहिल्या दिवाळीला साहेबांनी मला मोजे दिले.

स्वयंपाकाच्या बाईला दिवाळीला साडी देतात, नाहीतर मिठाईचा डबा तरी देतात. माझ्या हातात कागदाची पुडी आली. मला वाटलं ब्लाउजपीस असेल. घरी येऊन उघडली तर आत राखाडी सुती मोजे, पुरुषांचे. सून वंदना हसता हसता खाली बसली. मी ते मोजे मुलाला देऊन टाकले. तो नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर असतो, त्याला बूट घालावे लागतात. पुढच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, मोजे कसे आहेत. मी म्हटलं, चांगले आहेत. ते म्हणाले, "मुलाला बरोबर बसले ना?" त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा आदल्या संध्याकाळी मला न्यायला फाटकाशी आला होता, तेवढ्यात त्यांनी त्याच्या पायांत बघितलं असणार. माणूस समोर आला की ते आधी पायांकडे बघायचे, तोंडाकडे नंतर. दूधवाला म्हणायचा, मी चप्पल बदलून आलो तर साहेब मला ओळखणार नाहीत.

साहेब म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले कर्नल. कॉलनीत त्यांचा बंगला होता, आणि कॉलनीच्या मागे नाल्यापलीकडे आमची वस्ती. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी त्यांच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचे. माणूस मूळचा इथून जवळच्या कुहीकडचा, धानाच्या शेतकऱ्याच्या घरचा, पण बोलण्यावरून ते कळायचं नाही. माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी, माळ्याशी हिंदी, फोनवर इंग्रजी. मला शेवटपर्यंत "बाई, तुम्ही" म्हणाले. एक दिवस सोडून. तो दिवस पुढे येईल.

कुठलंही काम ते नुसतं सांगत नसत, हुकूम देत. ओरडून नाही. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. उभे राहायचे, हात मागे बांधायचे आणि एकाच क्रमाने बोलायचे. आधी परिस्थिती काय आहे. मग काय करायचं आहे. मग कसं करायचं. मग सामान कुठे आहे. आणि सगळ्यात शेवटी, मी नसेन तर कोण. साधी पाटवडी करायची असली तरी हे सगळं. परिस्थिती अशी आहे की आज मेजरसाहेब जेवायला येणार आहेत, त्यांना तिखट सोसत नाही पण ते तसं कबूल करणार नाहीत, म्हणून रस्सा दोन पातेल्यांत करायचा आणि त्यांच्यासमोर कुठलं ठेवायचं ते त्यांना कळू द्यायचं नाही. हे संपलं की म्हणायचे, "परत सांगा."

पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा मी म्हटलं, मी बहिरी नाही. ते म्हणाले, "तुम्ही बहिऱ्या नाही, माहीत आहे. मी नीट सांगितलं की नाही ते बघतोय." मी परत सांगितलं. रोज सांगत गेले. एवढं मात्र खरं, की त्या घरात कधी काही बिघडलं तर कोणामुळे बिघडलं यावरून भांडण झालं नाही.

"मी नसेन तर कोण" हे मला फार खटकायचं. पाटवडी करताना कोण मरतं? पण ते विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. माझ्या बदली वंदना, असं ठरवून घेतलं होतं, आणि तिला एकदा बोलावून मीठ, तिखट, कणकेचा डबा सगळं दाखवून ठेवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या बदली कोण, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी सांगितलं, माळी. माळ्याला ते माहीत होतं. त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

जेवणाचंही एक खूळ होतं. घरात कामाला असलेला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. आमच्यात मालकाच्या आधी स्वयंपाकीण जेवत नाही. मी बसेना, ते बसेनात. भाजी गार होऊन जायची. मी स्वयंपाकघरात उभी, ते बैठकीत पेपर वाचत, आणि माळी बिचारा दोघांकडे बघत. शेवटी मीच हरले. मला शुगर होती, उशीर झाला की चक्कर यायची. तेव्हापासून त्यांच्या घरात मी आधी जेवायचे, ते माझ्या मागून. माझ्या नवऱ्याने असं कधी केलं नाही, मुलगाही करत नाही.

आता पायांचं. दर रविवारी सकाळी बंगल्याच्या पायऱ्यांवर तपासणी व्हायची. माळी, गाडी धुणारा, कॉलनीचे पहारेकरी, त्या वेळी नेमका सापडला तर दूधवालासुद्धा, सगळे चपला काढून रांगेत बसायचे आणि पाय पुढे करायचे. साहेब चष्मा लावून एकेकाचे तळवे, बोटांच्या मधल्या फटी, नखं बघत जायचे. कोणाला भेगांचं मलम, कोणाला मोजे, कोणाला नुसती बोलणी. "पाय ओला ठेवलास." "चप्पल झिजली, खिळा वर येतोय." मोजे ते सीताबर्डीवरून आणायचे. व्हरायटी चौकातल्या हातगाडीवर उभे राहून एकेक मोजा हातात ताणून बघायचे. गाडीवाला वैतागून म्हणायचा, साहेब, मोजे आहेत, दोरखंड नाहीत.

बायकांची तपासणी नसायची. मी रविवारी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून ही गंमत बघायचे. आणि ज्या माणसाला जगाच्या पायांची एवढी काळजी, त्याचे स्वतःचे पाय कोणी बघितले नव्हते. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर गरम हवा फेकत असताना, हा माणूस घरात मोजे घालून फिरायचा. सगळी कॉलनी म्हणायची, बर्फात बोटं गळून पडली असतील, म्हणून दाखवत नाही. मीही तेच धरून चालले होते.

शेजारच्या बंगल्यात एकदा सिलेंडरने पेट घेतला. बायका किंचाळत बाहेर, पुरुष फोन लावत बाहेर. साहेब चालत आत गेले. पळाले नाहीत, चालत गेले. जाताना आमच्या स्वयंपाकघरातल्या माठाखालचं ओलं पोतं उचललं होतं. आत जाऊन आग दाबली, बटण बंद केलं, आणि भुवया थोड्या जळवून तसेच चालत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सोहळ्याकडे लक्ष न देता त्यांनी घरमालकाला विचारलं की रबरी नळी शेवटची कधी बदलली. नंतरचा सगळा आठवडा ते कॉलनीतल्या प्रत्येक घरात जाऊन नळ्या बघत होते. ज्यांच्या जुन्या निघाल्या त्यांच्या दारात बदलून होईपर्यंत उभे राहायचे. लोक कंटाळले. आजही कॉलनीत आग विझवल्याची गोष्ट सांगतात, नळ्यांची कोणी सांगत नाही.

ते तिखट न सोसणारे मेजर एकदा जेवण झाल्यावर हात पुसत स्वयंपाकघरात आले. मला म्हणाले, "बाई, फौज में कोई लडता है, कोई लिखता है. दोनों में अव्वल मैंने एक ही देखा." आणि बैठकीकडे बोट दाखवलं. लढण्याचं मला कळलं. लिहिण्यात एवढं काय, ते कळलं नाही. मी चौथी शिकले, मलाही लिहिता येतं.

गेल्या थंडीत साहेब गेले. फौजेचे लोक आले, फुलांचं मोठं चक्र वाहिलं, एका अधिकाऱ्याने त्यांची कामगिरी वाचली. अमुक टेकडी, तमुक मुख्यालय, हे पदक, ते पदक. पुण्याची मुलगी रडत होती. तिचं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. लहानपणापासून बापाने हुकूम दिले, कुशीत घेतलं नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती. ते खोटं नसणार. माणूस कोरडा होता. माझ्या हातची भाजी कधी चांगली म्हणाले नाहीत. चांगली असली की काहीच बोलत नसत. पण मी त्यांचे उपकार मानते, आणि कशाचे मानते ते त्या वाचनात आलं नाही, म्हणून मी सांगते.

माझ्या पायांना पूर्वी आग व्हायची. मुंग्या यायच्या, जसं कोणी आतून सुया टोचतंय. एका शिबिरात शुगर निघाली होती, गोळ्या दिल्या होत्या. थोड्या खाल्ल्या, सोडून दिल्या. मग हळूहळू आग थांबली, मुंग्या थांबल्या. मला बरं वाटलं. मी देवीची ओटी भरली.

आमच्या वस्तीत देवीचं छोटं देऊळ आहे. मंगळवारी दुपारी बायकांची आरती असते. देवळापुढे काळी फरशी आहे, उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पाय ठेववत नाही. बायका पदर सावरत, उड्या मारत पुढे अंथरलेल्या पोत्यापर्यंत जातात. त्या उन्हाळ्यात मी सरळ चालत गेले आणि फरशीवरच उभी राहिले. मला काही होत नव्हतं. पार्वताबाईने ते पाहिलं. पार्वताबाई म्हणजे आमची शेजारीण, देवळाचं सगळं तीच बघते, तिचा आवाज नाल्यापलीकडे जातो. ती म्हणाली, आईनं हिच्या पायाखाली सावली धरली आहे. झालं. बायका आरतीनंतर माझ्या पाया पडू लागल्या. आधी मी नको म्हटलं. मग नको म्हणणं सोडलं. लोक पाया पडतात तेव्हा कोणाला वाईट वाटतं? एक नवीन लग्न झालेली पोरगी नारळ ठेवून गेली. मी घरी नेऊन त्याची चटणी केली.

ही गोष्ट माळ्याने साहेबांना सांगितली. गंमत म्हणून सांगितली. साहेब जेवत होते. वंदना त्या दिवशी माझ्यासोबत होती, ती म्हणते त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी कणीक मळत होते. अनवाणी, स्वयंपाकघरात मी चप्पल घालत नाही. साहेब ताकासाठी बर्फ घ्यायला आले. फ्रिज उघडला, बंद केला. माझ्या मागे थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, पायाला काही लागतंय का?"

मी म्हटलं, काय लागायचं?

"खाली बघा."

माझ्या पावलावर बर्फाचा खडा होता. वितळून अर्धा झाला होता, पाणी बोटांमधून फरशीवर चाललं होतं. मी कणीक मळत राहिले होते. मला कळलंच नव्हतं.

ते म्हणाले, "पाय दाखवा. तळवा."

मी म्हटलं, बायामाणसांचे पाय बघायचे नसतात. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने माझा तळवा कधी बघितला नाही, तुम्ही कोण? आणखीही बरंच म्हटलं. देवीने दिलेलं तुम्हाला खपत नाही, असंही म्हटलं. कणकेचे हात तसेच घेऊन निघाले. ते अडवायला आले नाहीत. एवढंच म्हणाले, "चप्पल घालून जा."

मी काम सोडलं. घरी बसले. तळव्याला मागे एक फोड आला होता, तो फुटून ओला राहत होता, त्यात मी हळद भरून फडकं बांधलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी त्याला मोजत नव्हते. वंदना म्हणाली, "आई, वास येऊन राहिला." मी म्हटलं, नाल्याचा असेल. ती म्हणाली, "नाला तिकडे आहे. वास इकडून येऊन राहिला." मी तिला गप्प बसवलं.

पण माझ्या बदली वंदना, हे आधीच ठरलेलं होतं. ती साहेबांकडे पोळ्या करायला जात होती, आणि तिला गप्प बसवायला मी तिथे नव्हते.

मंगळवारी दुपारी बायका मला देवळात न्यायला आमच्या दारात जमल्या होत्या. तेवढ्यात साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात काठी. एकटेच. आमच्या गल्लीत ते कधी आले नव्हते. पार्वताबाई दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, तुमी मोठे मानूस आहा. पन आईनं तिच्या पायावर हात ठेवला आहे. तुमी यात नका पडू."

ते तिच्याशी वाद घालायला लागले नाहीत. दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो तर चालेल का, असं विचारलं. बसले. काठी बाजूला ठेवली आणि बुटाची नाडी सोडायला लागले. एक बूट काढला, दुसरा काढला. मग मोजे. सगळ्या बायका पुढे झाल्या. मीही आतून मान बाहेर काढली.

सगळी बोटं जागेवर होती. पांढरे, मऊ, नखं कापलेले पाय, लहान मुलासारखे. मागून कोणीतरी म्हणालं, "अवं, बोटं त आहेत!" आणि हशा झाला. पार्वताबाई म्हणाली, "आमी समजलो, बरफात गळली तुमची."

साहेब पण हसले. मग हसू गेलं. आणि ते बोलले ते आमच्यासारखं बोलले, कुहीच्या माणसासारखं. इतकी वर्षं मी ती बोली त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"माही नाई गळली, बाई. माह्या पोरायची गळली."

हसणाऱ्या बायका जवळ सरकल्या.

"पहाडावर होतो. मी तरणा होतो, कंपनी माह्या हाती होती. टेकडी घ्याची होती. मी बंदुका पाह्यल्या, नकाशा पाह्यला, दुश्मन कुठं बसला ते पाह्यलं. पाय नाई पाह्यले. चढताना पोरं म्हनत, साहेब, पाय भारी दुखून राहिले. मी म्हटलं, चला. मंग म्हनाले, साहेब, आता नाई दुखत, बरं वाटून राहिलं. मी म्हटलं, शाब्बास."

त्यांनी एक मोजा हातात घेतला, सारखा केला, परत ठेवला.

"टेकडी घेतली. त्याचं पदक भेटलं मले. खाली आलो त दवाखान्यात त्यायचे बूट कापून काढले. बोटं बुटातच राहिली."

पार्वताबाईने तोंडाला पदर लावला.

"पुढं मले मोठ्या दफ्तरात टेबलावर बसवलं. तवा थंडीच्या आधी मी एकच काम धरलं. पहाडावरच्या दर मानसाले सुके मोजे कसे पोचन, कोन नेईन, खेचरं कुठं अडन, ओले झाले त वाळवन कोन. बाकीचे अफसर हसत. मले मोजेवाला म्हनत. म्हनू द्या." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या पोरायले बी दुखत नव्हतं. मले तेच आयकाचं होतं, म्हनून मी आयकलं. दाखव वं बाई. पाय दाखव."

मी खाटेवर बसले आणि फडकं सोडलं. का सोडलं? ते बरोबर बोलत होते म्हणून नाही. ज्या माणसाने आपले पाय कधी कोणाला दाखवले नाहीत, तो माझ्या ओट्यावर गल्लीसमोर अनवाणी बसला होता. त्याच्यापुढे मी किती वेळ पदर ओढून बसणार?

साहेब आत आले आणि जमिनीवर गुडघे टेकून बसले. चष्मा लावला. हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, टक्कल दिसत होतं. पार्वताबाईने त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. तिला भोक दिसलं, आणि भोकाभोवतीचा काळा रंग दिसला. "अवं माय," ती म्हणाली. आणि मग तीच सगळ्यांवर ओरडली, "पाहून काय राहिल्या? सरका. हिले नेऊ द्या."

गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभा होता. दवाखान्यात खाट ठरली होती. वंदनाने पिशवी भरून ठेवली होती, मुलाने कंपनीत सुट्टी सांगितली होती. हे सगळं साहेब आमच्या ओट्यावर बसायच्या आधीच झालं होतं. ऑटोत बसल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि मला राग आला. मी म्हटलं, मी हो म्हणेन हे तुम्ही आधीच धरून चालला होता? ते पुन्हा पुस्तकातल्या मराठीवर गेले होते. म्हणाले, "नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात तर डॉक्टर घरी येणार होते. त्यांनाही सांगून ठेवलं होतं."

डॉक्टरांनी मला झापलं, साहेबांना झापलं, देवीलाही झापलं असतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पण खरी भीती वरची होती. काळं वर चढलं तर पाऊल काढायचं, आणखी चढलं तर गुडघ्यापासून. थोडे दिवस थांबून बघू, म्हणाले. पाय गेला म्हणजे माझं काम गेलं, एवढं मला कळत होतं. दोन खोल्यांच्या घरात मला मोरीपर्यंत कोणीतरी धरून न्यायचं, मरेपर्यंत. मी आयुष्यात कोणाला एक पेला पाणी आणून दे म्हटलेलं नाही.

साहेबांनी माझ्या खाटेच्या पायथ्याशी बायकांना उभं केलं आणि हुकूम दिला. परिस्थिती, काम, कसं, सामान, मी नसेन तर कोण. बाईने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, हे काम. सकाळी पार्वताबाई, दुपारी वंदना, असं वाटून दिलं. पार्वताबाईने परत सांगितलं ते इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपला पाय वर घेतला. आईनं पायावर हात ठेवला आहे म्हणून दार अडवणारी ही बाई मला संडासला जाताना वाघासारखी धरायची. मी पाय टेकवते असं वाटलं की मांडीवर चापट मारायची. पाया पडणं संपलं होतं.

येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, काही होत नाही, बरं होईल. ते ऐकून मला जास्त भीती वाटायची. साहेब रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे आणि असं काही म्हणायचे नाहीत. एकदा मी विचारलं, पाय गेला तर?

ते म्हणाले, "गेला तर नकली बसतो. कुठे बनतो, चालायला कोण शिकवतं, ते विचारून आलो आहे. ओटा खाली घ्यावा लागेल, म्हणजे तुम्हाला बसून पोळ्या करता येतील. गवंडी बघून गेला."

बंगल्यात गवंडी खरंच येऊन गेला होता, वंदनाने सांगितलं. त्या दिवशी मला झोप लागली. पाय जाऊ शकतो हे ज्याने धरलं होतं, त्याने पुढचा ओटासुद्धा मोजून ठेवला होता. लिहिणारा अफसर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मेजरसाहेब तोवर वारले होते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

मग पट्टी पूर्ण सोडायचा दिवस आला. साहेब आले होते, पार्वताबाई होती. डॉक्टरांनी पडदा ओढला, साहेब पडद्याबाहेर उभे राहिले. खालून त्यांचे बूट दिसत होते. डॉक्टरांनी जखम धुतली, कडेला चिमट्याने टोचलं. मला काही जाणवलं नाही, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. टोचलं तिथे रक्त आलं. लाल, ताजं. त्यांनी आणखी वर टोचलं, तिथेही आलं. मग पहिल्यांदा ते माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, "मांस जिवंत आहे, आजी. पाय राहिला."

पार्वताबाईने पडदा बाजूला केला आणि साहेबांना सांगितलं, पाय राहिला म्हणून. ऐकायला ते जवळच होते, पण तिने सांगितलं. साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, मान हलवली. वळले आणि वॉर्डाच्या टोकाला मोरी होती तिथे गेले. दार लावलं. नळ सुरू झाला.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. नर्सने नवी पट्टी बांधली. चहावाला येऊन गेला. नळ चालूच होता. उन्हाळ्याचे दिवस, दवाखान्यात पाणी मोजून यायचं, दाराबाहेर दोघी-तिघी बादल्या घेऊन उभ्या राहिल्या.

पार्वताबाई म्हणाली, "साहेब काय करून राहिले वं? पानी वाया जाऊन राहिलं. मी दार वाजवतो."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "बस. वाहू दे."